एकटा पडलेला सुपरहिरो लोकांना मदत का करतो? पुण्यात बसून असं पात्र लिहायचं असेल तर

सुपरहिरोची गोष्ट लिहायला घेतली की सगळे आधी पॉवर ठरवतात, मग ड्रेस, मग नाव, आणि "पण हा लोकांना वाचवतो कशाला" हा प्रश्न येईपर्यंत अर्धी गोष्ट लिहून झालेली असते आणि मग घाईघाईत आईवडिलांना मारून टाकतात. गोष्टीतल्या हो. हे गाइड त्या एकाच प्रश्नावर आहे. हिरोला काहीतरी अचाट येतं, डोकं पण तल्लख आहे, पण त्याला आपलं म्हणणारं कोणी नाही, जिथे राहतो तिथला तो नाही. मग ज्यांनी त्याला कधी साधं "जेवलास का" विचारलं नाही त्यांच्यासाठी त्याने स्वतःचा जीव धोक्यात का घालावा? हे पटलं नाही तर बाकीचं सगळं, उडणं बिडणं, वाया जातं.

रेडीमेड उत्तरं तीन आहेत आणि ती तुम्हाला माहिती आहेत. सुपरमॅन १९३८ चा, परक्या ग्रहावरून आलेला, पण शेतकरी आईबापांनी चांगलं वाढवलं म्हणून चांगला निघाला, म्हणजे संस्कार. बॅटमॅन १९३९ चा, डोळ्यासमोर आईवडिलांचा खून झाला म्हणून शपथ. स्पायडरमॅन १९६२ चा, ज्या चोराला "माझं काय जातंय" म्हणून जाऊ दिलं त्यानेच पुढे काकाला मारलं, म्हणून अपराधीपणा. तिन्ही जबरदस्त आहेत, उगाच नाही एवढी वर्षं टिकली. अडचण अशी की तिन्हींत कारण भूतकाळात एकदाच घडून गेलंय आणि हिरो आयुष्यभर त्याचे हप्ते फेडतोय. ते परत वापरलं की वाचकाला तिसऱ्या पानावर कळतं कुठे चाललंय. आणि खरं सांगायचं तर एकट्या माणसाला रोज काय होतं ते या तिन्हींत मागे पडतं, आणि मला तर तोच भाग सगळ्यात जास्त वाचायला आवडेल.

तर आपण एक पात्र घेऊन करून बघू. वर्षा. हिंगोली जिल्ह्यातली, कळमनुरीच्या बाजूची, राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आलीये, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहते, दुपारचं जेवण मेसला आणि बाकी सगळा दिवस अभ्यासिकेत. आणि तिला ऐकू येतं. म्हणजे आपल्याला येतं तसं नाही, दिवसा चार गल्ल्यांपर्यंतचं सगळं, रात्री ट्रॅफिक थांबल्यावर अजून लांबचं. कोणाच्या घरात कुकरची कितवी शिट्टी झाली, कोण कोणाशी फोनवर खोटं बोलतंय, कोणाच्या छातीत घरघर वाढलीये.

हे असं का घेतलं ते सांगतो, कारण पहिली पायरी हीच आहे. पॉवर आणि एकटेपणा एकाच ठिकाणाहून आले पाहिजेत. "ती खूप शक्तिशाली आहे आणि शिवाय तिला मित्र नाहीत" असं नाही चालणार, ते दोन वेगळे कागद एकाला एक चिकटवल्यासारखं वाटतं. वर्षाला मित्र नाहीत कारण तिला ऐकू येतं. रूममेट बाहेर जाऊन जिन्यात उभी राहून काय बोलली ते हिला कळतं, मेसवाल्या काकू "ती हिंगोलीची बोलते कशी बघ" म्हणून हसल्या तेही कळतं, आणि कळलंय हे दाखवता येत नाही. कोणाशी मैत्री करायची म्हणजे त्याच्याबद्दल थोडं कमी माहिती असावं लागतं, ते हिच्या नशिबात नाही. त्यात पेठेतली शांतता दुपारी एक ते चार, आणि तेव्हा सुद्धा हिला सगळी घरं घोरताना ऐकू येणार. अभ्यास कसा करायचा?

तुमचं पात्र वेगळं असेल. मनातलं वाचणारा असेल, भिंतीपलीकडचं दिसणारा असेल, न थकणारा असेल. स्वतःला एकच विचारा, ही पॉवर असल्यामुळे माणसांत बसणं अवघड होतं का? होत नसेल तर पॉवर बदला, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

दुसरी पायरी, पहिली मदत. इथे लोक मोठं काहीतरी घालतात, आग, बसचा ब्रेक फेल. माझं मत ठाम आहे की पहिली मदत फालतू वाटेल इतकी लहान हवी आणि तिच्या मागे चांगुलपणा जवळपास नसावा. वर्षाच्या खोलीच्या खाली एक आजी एकट्या राहतात, मुलगा परदेशात, बाई सकाळी येऊन जाते. त्यांच्या काठीची टकटक वर्षाला डोक्यात जाते, पहाटे चारला उठतात आणि मोरीपर्यंत जातात, टक टक टक, मग परत. रोज शिव्या घालत ती कूस बदलते. एका पहाटे टकटक जाते आणि परत येत नाही. बारीक कण्हणं, बादली कलंडल्याचा आवाज, आणि मग पाणी वाहतंय वाहतंय. ती पडून राहते, कोणीतरी उठेल म्हणून वाट बघते, आणि मग तिच्या लक्षात येतं की कोणी उठणार नाहीये, कारण कोणाला ऐकूच आलेलं नाही.

हे जे शेवटचं वाक्य आहे ना ते माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ आहे, थोडं थांबू इथे. अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९६८ साली छापून आला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून गप्पा मारायला लावल्या आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला, तो रेकॉर्ड केलेला होता पण ऐकणाऱ्यांना खरा वाटला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के जण फिट संपायच्या आत मदतीला उठले. अजून चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यातले फक्त ३१ टक्के. ती ८५ टक्के माणसं काही जास्त चांगली नव्हती, कोणाला कुठल्या गटात टाकायचं ते प्रयोग करणाऱ्यांनीच ठरवलेलं. फरक एवढाच की जबाबदारी ढकलायला समोर कोणी नव्हतं. आपण सगळे "कोणीतरी करेल" वर जगतो, लक्ष्मी रोडला कोणाची गाडी घसरली तरी आधी इकडेतिकडे बघतो. तुमच्या हिरोला इकडेतिकडे बघायची सोयच नाही. जे त्याला कळलंय ते अजून कोणालाच कळलेलं नाही, कायम. म्हणजे त्याचं वेगळं असणं जसं त्याला एकटं पाडतं तसंच ते त्याला उठवतं पण. संस्कार, सूड, पश्चात्ताप यातलं काही न घेता इथे कारण तयार झालं, आणि मुख्य म्हणजे ते रोज नव्याने तयार होतं.

म्हणून पहिल्या प्रसंगात तिच्या तोंडी उदात्त काही घालू नका. ती वैतागून उठते, चप्पल सापडत नाही, जिना उतरते, दार वाजवते, मग शेजारच्यांना उठवते. आणि मग ज्याचा विचार लिहिणारे करत नाहीत ते येतं, तुला कसं कळलं?

"तू वरची ना गं? तुला कसं कळलं मी पडले ते?"
"दूध उतू गेल्याचा वास आला आजी."
"दूध? अगं दूध यायचंय अजून."

असं काहीतरी. खोटं बोलावं लागतं आणि ते नीट जमत नाही. शेजारचे काका दुसऱ्या दिवसापासून जरा संशयाने बघतात, ही पोरगी दाराला कान लावून असते की काय. म्हणजे मदत केली आणि त्याचं बक्षीस म्हणून अजून परकी झाली. हे नक्की ठेवा. पहिल्या मदतीनंतर वाडाभर कौतुक झालं तर गोष्ट तिथेच संपली, मग पुढे कशाला वाचायचं.

आता तिसरी पायरी, आणि ही सगळ्यात अवघड आहे. पहिल्यांदा ती गेली कारण तिलाच ऐकू आलं. दुसऱ्यांदा का जाईल? तिला इअरप्लग घेता येतील, रूम बदलून नऱ्ह्याला जाता येईल. इथे तुम्हाला एकटेपणा नीट माहिती असला पाहिजे. सिनेमात एकटी माणसं प्रेमाला आसुसलेली दाखवतात, कोणी हात पुढे केला की लगेच धरतात. जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञाने एकटेपणावर अनेक वर्षं काम केलं आणि त्याचं म्हणणं बरोबर उलटं होतं, खूप दिवस एकट्या राहिलेल्या माणसाचं मन धोका शोधत राहतं, समोरच्याच्या साध्या वागण्यात पण नकार दिसतो, आणि त्यामुळे तो अजून आक्रसतो. माणसं हवी असतात आणि माणसांची भीती पण वाटत असते, दोन्ही एकदम. म्हणजे वर्षा आजींकडे परत जाईल ती लगेच नाही, आणि सरळ तर नाहीच. आजी हॉस्पिटलमधून आल्यावर बोलावतात, ही "अभ्यास आहे" म्हणून टाळते. मग एक दिवस आजी बाईच्या हातून वर डबा पाठवतात, साबुदाण्याची खिचडी, आणि हिला पहिल्यांदा काय वाटतं, तर यांना काय पाहिजे माझ्याकडून. लिहा हे. कडू वाटलं तरी लिहा, खरं तेच आहे. डबा परत द्यायला मात्र खाली जावंच लागतं, रिकामा डबा परत देत नाहीत हे तिला घरून माहितीये, म्हणून कोपऱ्यावरून चार केळी घेऊन त्यात ठेवते, आणि आजी म्हणतात "बस".

एवढंच. त्या "बस" साठी ती पुढच्या वेळी उठणार आहे. मोठा सन्मान, पुतळा, पेपरात फोटो यातलं काही नको. बाहेरच्या माणसाला हवं असतं ते इतकं लहान असतं की सांगायची लाज वाटावी, आणि लाज वाटते म्हणूनच ती स्वतःशी पण कबूल करत नाही. ती म्हणेल "आजी एकट्या आहेत म्हणून जाते". वाचकाला कळलं पाहिजे की दोघी एकट्या आहेत. पात्राने सांगितलेलं कारण एक आणि वागण्यातून दिसणारं दुसरं, यात फट ठेवा, सगळी मजा तिथे आहे.

पण सावध राहा, हे कारण धोकादायक पण आहे. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण कर्ण. जन्मतः कवचकुंडलं, धनुर्विद्येत अर्जुनाच्या तोडीचा, आणि भर रंगभूमीवर कुळ विचारून गप्प केलेला. त्या क्षणी दुर्योधनाने अंगदेशाचं राज्य दिलं, म्हणजे बसायला जागा दिली, आणि माणूस आयुष्यभर त्याचा झाला. आपली बाजू चुकीची आहे हे कळून, स्वतःचा जन्म कळून सुद्धा सोडलं नाही. एकट्या गुणी माणसाला पहिल्यांदा जो "बस" म्हणेल त्याचा तो होतो, मग तो आजी असो नाहीतर दुर्योधन. म्हणून तुमच्या गोष्टीत एक दुर्योधन आणाच. वर्षाच्या बाबतीत तो गल्लीतला एखादा कार्यकर्ता असू शकतो, मंडळाचा, गोड बोलणारा, तिला ताई म्हणणारा पहिला माणूस, ज्याला हळूहळू अंदाज येतो की या पोरीला बरंच काही कळतं. आणि त्याला हे वाडे रिकामे करून हवेत. कोणत्या भाडेकरूच्या घरात काय भांडण चाललंय, कोण विकायला तयार आहे, एवढंच सांग ना ताई. बदल्यात अभ्यासिकेची फी भरतो, गणपतीत आरतीला पुढे उभं करतो. आता तिला मिळतंय तर सगळं, माणसं, मान, जागा. आणि खालच्या आजींचं बोलणं त्याला जाऊन सांगायचंय.

इथे मात्र "ती चांगली होती म्हणून नाही म्हणाली" असं करू नका हो. एकदोन गोष्टी सांगू दे तिला. छोट्या. त्याचा परिणाम तिलाच ऐकू येऊ दे, रात्री, भिंतीपलीकडून, कारण ऐकू येणं बंद करता येत नाही हा तुमचाच नियम आहे. नियम वहीत लिहून ठेवा आणि स्वतःच्या सोयीने मोडू नका.

मग आतलं कारण बदलायला लागतं. आधी "मलाच ऐकू आलं", मग "मला बस म्हणाल्या", आणि आता तिसरं, जिथे काही मिळणार नाही, उलट आहे ते जाईल, तरी जायचं. हे तिसरं नुसतं तिच्या डोक्यात घडवलं तर भाषणासारखं होतं. कोणी आधी केलेलं तिने बघितलेलं किंवा ऐकलेलं असलं तर बरं, आणि पुण्यात त्याला तोटा नाही. सावित्रीबाई, ज्यांना १८४९ मध्ये सासरचं घर सोडावं लागलं, शाळेत जाताना अंगावर शेणमाती घेतली, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी पोराला दवाखान्यात पोचवताना स्वतःला लागण होऊन गेल्या, त्या तर आहेतच. पण वर्षासाठी मी महर्षी कर्वे घेईन. कोकणातल्या मुरूडचा पोरगा परीक्षेसाठी शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेला आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरीला ही गोष्ट सांगा आणि बघा तिचा चेहरा. पुढे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, १८९३ ला विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केलं तर गावाने वाळीत टाकलं, आणि त्यांनी १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला एका झोपडीत नेला, आणि कॉलेज झालं की रोज पायी तिकडे. वाळीत टाकलेला माणूस गावाशी भांडत बसला नाही, आपल्यासारख्या अजून कोण कोण बाहेर पडल्यात ते बघायला लागला. मदत करणाऱ्याची नजर तिथे वळते. आत घ्या म्हणून दार वाजवत बसण्यापेक्षा अजून कोण बाहेर उभं आहे ते दिसायला लागतं. आजी हे सगळं साबुदाणा निवडता निवडता सांगू शकतात, आजींची आई हिंगण्याला शिकलेली होती असं करा, जमून जाईल.

मोठा प्रसंग कुठला घ्यायचा? कृपा करून उंच इमारती आणि एलियन नको, पुण्याला पाणी पुरतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि मग खडकवासलाही गेलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं असेलच. त्या आधीच्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते, धरण काही तास तगलं आणि पाणी शहरात दिवसा आलं, लोक जागे होते. त्या जवानांतल्या किती जणांची नावं आपल्याला येतात? त्या जवानांना निदान हुकूम होता आणि शेजारी दुसरा जवान होता, वर्षाला दोन्ही नाही, हा फरक लिहिताना लक्षात ठेवा. किंवा जवळचं घ्या, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. माझा सल्ला, ती रात्र जशीच्या तशी उचलू नका, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते अजून तिथेच राहतात. ओढा तोच ठेवा, कात्रजकडून कसा येतो, कुठे अरुंद होतो ते चालत जाऊन बघा, पण वर्ष आणि पूर तुमचा.

वर्षाला ओढ्याचा आवाज रात्रीचा पाठ आहे. त्या रात्री तो बदलतो. दुसऱ्या दिवशी तिची मेन्स आहे. आणि दांडेकर पुलाच्या बाजूच्या वस्तीत तिला ओळखणारं एकही माणूस नाही, तिथे कोणी बस म्हणणार नाही, तिथे ओरडत गेली तर वेडी म्हणतील. वरून आता खोटं बोलून भागणार नाही, "ओढ्याला पाणी येतंय, मला ऐकू येतंय" हे जोरात, सगळ्यांसमोर बोलावं लागणार, म्हणजे जपलेलं गुपित गेलं. कारणाची खरी परीक्षा ही. जुनं कुठलंच कारण इथे पुरत नाही, आणि तरी ती जाते का, हे तुम्ही लिहिताना तुम्हाला सुद्धा आधीपासून पक्कं माहिती नसेल तर प्रसंग चांगला होईल.

भाषेबद्दल थोडं. दमलेली, घाबरलेली असली की तिला घरची बोली येऊ द्या. पेठेत ती घासूनपुसून प्रमाण बोलायला शिकलीये, पण वस्तीत दारं वाजवताना "उठा की वो, कामून झोपलाव" असंच निघणार. आणि तिथे एखादी बाई नांदेडकडची निघू दे, कामाला आलेली, जी फक्त बोली ऐकून दार उघडते. वस्तीतले बाकीचे एकमेकांकडे बघत असताना ती एकटी उठते. यावर एक ओळ सुद्धा समजावून लिहू नका.

शेवटचं काम व्हिलनचं. मघाशी जो कार्यकर्ता केला तो व्हिलन नाही, तो आपला धंदा करतोय. खरा विरोधक असा घ्या ज्याला हेच सगळं ऐकू येतं. पन्नाशीचा माणूस, कर्वे रोडला फ्लॅट, बँकेत नोकरी, आणि बावीस वर्षांचा असल्यापासून त्याने ऐकणं सोडून दिलंय, रात्री पंखा फुल करून झोपतो. तो दुष्ट नाही. तो तिला भेटतो आणि अगदी मायेने सांगतो की बाळा, एक वाचवलीस तर दहा राहतात, आणि त्या दहांचं पण तुला ऐकू येणार आहे, मी तीन वर्षं करून बघितलं. त्याचे मुद्दे आधी लिहून काढा, वर्षाचा एकही सीन लिहायच्या आधी, आणि कच्चे ठेवू नका, दोन दिवस बाजूला ठेवून परत वाचा. वाचताना तुम्हाला वाटलं पाहिजे की च्यायला, बरोबर बोलतोय हा. तसं वाटलं की मग वर्षाला त्याच्या समोर बसवा, पण वादात जिंकवू नका, तिच्याकडे उत्तर नाहीये. बोलता बोलता खाली पार्किंगमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज होतो आणि दोघं एकदमच मान वळवतात, इथून पुढे लिहायला घ्या.